आधी मी

मिस्टर पेंबर्टन कुठलीही वस्तू दान करण्याआधी ती स्वतः वापरून बघतात. ऐंशीच्या घरातले, सव्वासहा फुटी इंग्रज. लंडनमध्ये मोठमोठ्या बँकांचा कारभार केला, मिळवलेल्या पैशातून दोन देशांत शाळा आणि दवाखाने उभे केले, पण नावाची पाटी कुठेही लावू दिली नाही. आता ते जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमध्ये राहतात आणि त्यांच्या संस्थेची खरेदी मी बघतो. नवा माल आला की त्यांचं वाक्य ठरलेलं, त्यातलं ‘आल्झो’ म्हणजे जर्मनमधलं ‘तर मग’: “आल्झो, आधी मी.”

एका शाळेला बाकं द्यायची होती, तर हे गृहस्थ गुडघे हनुवटीला लावून चार तास पहिलीच्या वर्गात बसले. पोरं पुढे महिनाभर त्या नव्या मुलाची चौकशी करत होती. जवळच्या आखन शहरात चाकाच्या खुर्च्या द्यायच्या होत्या, तेव्हा दिवसभर खुर्चीत बसून, बसने सगळं शहर पालथं घातलं. संध्याकाळी तळहाताचे फोड दाखवून मला म्हणाले की चाकाची कडा बदला. माझी बायको म्हणते, “अहो, ह्यांना रुग्णवाहिका तेवढी दान करू देऊ नका.” आम्ही हसतो, पण एवढा मोठा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही.

यंदा त्यांनी हॉस्पिझ बांधलं, म्हणजे शेवटचे दिवस मोजणाऱ्यांसाठी घर. उद्घाटनाला आठवडा असताना स्वतःच तिथे राहायला गेले. पलंग पास झाला, घंटी पास झाली, सूपसुद्धा. मग मला फोन आला: भेटायला येणाऱ्याची खुर्ची तपासायची राहिलीय, रविवारी या. खुर्च्या मी निवडल्या होत्या. नापास झाल्या असत्या तर उद्घाटन लांबलं असतं, आणि आत यायची वाट बघणाऱ्यांकडे तेवढा वेळ नव्हता.

मी जाऊन बसलो. ते पलंगावर पडून छताकडे बघत होते. तासाभराने मी भीतभीत विचारलं, चालेल ना?

“पाठ दुखतेय?”

“नाही.”

“उठावंसं वाटतंय?”

“नाही.”

मग ते म्हणाले, “माझी बायको दोन महिने इस्पितळात होती. मी दहा मिनिटांच्या वर कधी बसलो नाही. तिथली खुर्ची फार वाईट आहे, असं सगळ्यांना सांगायचो.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“तिथली खुर्ची चांगली होती, कुलकर्णी.”

माझं काम झालं होतं, निघायला हरकत नव्हती. पण संध्याकाळचं सूप येईपर्यंत मी बसून राहिलो.