बांडगुळाचा शब्द

आमच्या लालबागच्या इमारतीत गोविंदमामा लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी लिफ्टला विचारतात, "मधीच थांबूचा नाय हां. कबूल?" लिफ्ट काही बोलत नाही. मामा क्षणभर वाट बघतात आणि आत शिरतात. मागे लोक चुळबुळत असतात, पण मामांना त्याचं सोयरसुतक नसतं.

ते सगळ्यांकडूनच शब्द घेतात. गॅसच्या सिलिंडरकडून, गच्चीवरच्या टाकीकडून, नव्या भाडेकरूकडून. "इचारून ठेवलेला बरा," हे त्यांचं पालुपद. समोर माणूस असेल तर ते डोळ्यांत बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. मामा गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर, त्यांच्या भाषेत साच्यांवर होते. तिथल्या धडधडाटात कानाला काही ऐकू येत नसे, म्हणून कामगार एकमेकांचे ओठ वाचत. संपात गिरणी गेली, सवय राहिली. मामांशी खोटं बोलणं त्यामुळे फार जिकिरीचं. त्याच संपात त्यांचा धाकटा भाऊ वासू घरातून निघून गेला तो आलाच नाही, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मामा त्याबद्दल बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

माझा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर गेला आणि त्याचं व्हिडिओ गेमचं यंत्र घरी राहिलं. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो. ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन इतरांच्या गुडघ्यांची हकीकत ऐकण्यापेक्षा हे बरं, म्हणून खेळू लागलो. संध्याकाळी मामा चहाला येत, तेही खेळू लागले. तुटल्या धाग्याला गाठ मारणारी त्यांची बोटं बटणांवर माझ्यापेक्षा भरभर चालत. दसऱ्याला त्यांनी यंत्राला झेंडूची भरगच्च माळ घातली. हवा जायची भोकं बुजली आणि माळ काढेपर्यंत यंत्र तापून बंद पडलं. "गिरणीत साच्यांक माळ घालू तेव्हा साचे बंदच असत," एवढंच म्हणाले.

गेम होता युरोपच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या देवांचा. त्यात बाल्डर नावाचा एक देव. मामांनी त्याचा लगेच बाळू केला. बाळूला मारल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही आणि बाळू काही केल्या मरत नाही. कुऱ्हाड झाली, आग झाली, वीज झाली. शेवटी मी मुलाला फोन लावला.

"बाबा, त्याच्या आईने जगातल्या प्रत्येक वस्तूकडून शब्द घेतलाय, ह्याला इजा करणार नाही म्हणून," तो म्हणाला. "फक्त झाडावरचं एक बांडगूळ राहिलं. एवढंसं होतं, त्याला काय विचारायचं म्हणून सोडलं. त्याची काडी मारा, खेळ खल्लास."

मी हे मामांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला. "मारूचा नाय."

तेव्हापासून रोज मामा गेममधल्या त्या झाडापर्यंत चालत जात, बांडगुळासमोर उभे राहत आणि रिमोट मांडीवर ठेवून बजावत, "बाळूक हात लावूचा नाय. कबूल?" मग चहा. चार महिने आमचा खेळ तिथेच अडकला. आयुष्यभर टेबल रिकामं करूनच घरी जाणाऱ्या मला हे सोसवेना.

शिमग्याला मामा गावी गेले. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी काडी तोडली आणि मारली. बाळू पडला. त्याची आई धावत आली आणि त्याला मांडीवर घेऊन ओरडली. दरवाजा उघडला होता, पण मला पुढे जाववेना. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आदल्या दिवशीचा खेळ यंत्रात साठवलेला होता, तिथून पुन्हा सुरू केला. बाळू धडधाकट उभा राहिला. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

मामा परतले. जत्रेतल्या खाज्याची पुडी माझ्या हातात देत म्हणाले, "मारलंस काय रे तेका?"

"छे हो, मामा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पडद्यावरच्या बाळूकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"तेची आवस काय म्हणाली?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आई? ओरडली," मी म्हणालो.

मामा खुर्चीत बसले. "संपात मी सगळ्यांक इचारून ठेवलंय. युनियनच्या पोरांक सांगलंय, वासूक मोर्च्यात पुढे घालू नकात. गुत्तेवाल्याक सांगलंय, तेका दारू देव नको. सगळ्यांनी शब्द दिल्यानी. वासूकच इचारूक नाय. बारको तो, तेका काय इचारूचा, असा वाटला."

"आणि तुमची आई?" मी विचारलं.

"जगली तवसर, मी गावाक गेलंय काय दोन ताटां वाढी, एक माका, एक वासूक. माका कधी काय बोलली नाय."

मग त्यांनी रिमोट उचलला. झाडापर्यंत गेले, बांडगुळासमोर उभे राहिले, आणि त्याला काही विचारायच्या आधी माझ्याकडे वळले.

"तुका इचारूचाच ऱ्हवलेला," ते म्हणाले. "कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.