सखूबाईंची खोटी सही आणि सोनाजीमामा

सोनाजीमामा साळव्यांवर अन्याय झाला. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता, पूर्णेच्या आमच्या वाचनालयात. करणारं सरकार नव्हतं, गावातले पाटील नव्हते. आम्हीच होतो, विद्यापीठाच्या नामांतरासाठी भिंती रंगवणारे, पत्रकं वाटणारे. म्हणून हे पत्रक आमच्याविरुद्ध.

मामा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले हमाल, आता निवृत्त. त्यांचा कुणाच्याच सहीवर विश्वास नाही. पोराचं प्रगतिपुस्तक दाखवायला नेलं तर मार्क राहायचे बाजूला, मामा हेडमास्तरांची सही तपासायचे. रेशनकार्डावरची सही बघून त्यांनी एकदा दुकानदाराला विचारलं होतं, साहेबाचा हात दुखायलाय का?

पण त्यांचं खरं कोर्ट ग्रामोफोनच्या रेकॉर्डांचं. कव्हरावर गायकाची सही असली की तिला भाव, आणि भाव आला की खोट्या सह्या आल्या. सोनपेठहून, जिंतूरहून लोक कव्हरं घेऊन यायचे. मामा घड्याळवाल्याचं भिंग डोळ्यात बसवायचे, श्वास रोखायचे आणि निकाल द्यायचे. कुणी वाद घातला तर म्हणायचे, ‘‘शाई बोलायलीय. तुमाला ऐकू येईना, त्याला मी काय करू?’’ सोनपेठच्या एकानं लुगड्यांच्या घडीत जपलेलं कव्हर त्यांनी खोटं ठरवलं, तेव्हा त्याची बायको खूश झाली. म्हणाली, ‘‘बरं झालं मामा. माझ्यापरीस त्या पुठ्ठ्यालाच लय जपायलेत हे.’’

सखूबाई बोरीकर आमच्या चळवळीचा आवाज. लाठीमारानंतर पांगलेली माणसं त्यांच्या एका गाण्यावर पुन्हा गोळा व्हायची. त्या गेल्या. आम्ही ठरवलं, वाचनालयात त्यांच्या सहीचं कव्हर फ्रेम करून लावायचं. एका फिरत्या विक्रेत्याकडून मिळालं. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी हार घातला, भाषणं झाली. तेवढ्यात मामा पुढे आले, भिंग लावलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘खोटी हाय. काढा.’’

माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, ‘‘जन्मभर ज्यांनी ओझी वाहिली, त्यांनी सह्या तपासू नयेत.’’

लोक हसले. श्रमिकांवर पाच पत्रकं लिहिलेला माणूस हे बोलला, आणि लोक हसले. मामांनी भिंग खिशात टाकलं. चपला पायात न घालता हातातच घेऊन ते निघून गेले.

तीन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला नाही, वाद घालायला. मामांनी नातीची पाटी पुढे सरकवली आणि नाव लिहायला सांगितलं. मी अक्षरं काढली, वर रेघ ओढली. सगळे असंच लिहितात, मामा म्हणाले, सखू न्हाई. ती आधी रेघ ओढायची आणि मग एकेक अक्षर तिच्याखाली टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. म्हणून तिच्या सहीत अक्षरांची शाई रेघेवर चढलेली असते. आमच्या फ्रेममध्ये रेघ अक्षरांवर चढली होती.

‘‘असं उलटं कुणी शिकवलं त्यांना?’’

‘‘मी.’’

मामा स्वतः रात्रीच्या शाळेत शिकलेले. अक्षरं वर वर चढत जायची, म्हणून ते आधी रेघेची दोरी बांधून घ्यायचे. चूक होती, पण त्यांची होती. सखूबाईंचा ताफा एकदा गाडी चुकून पूर्णेच्या फलाटावर अडकला. रेकॉर्ड कंपनी कागदावर त्यांचा अंगठा घ्यायची, त्याची त्यांना लाज वाटे. मामांनी पार्सलच्या एका खोक्यावर खडूनं त्यांना नाव शिकवलं. दिवस मावळायच्या आत सखूबाईंनी ते पहिल्यांदा, कुणी हात न धरता, पूर्ण लिहिलं.

‘‘मग?’’

‘‘मग काय. खोकं औरंगाबादला जायचं होतं. मीच चढवलं डब्यात.’’

पुढे सखूबाई पूर्णेवरून कितीदा गेल्या. भोवती हार, गर्दी. मामा हातगाडी धरून मागे उभे राहत. सही कधी मागितली नाही. का, असं मी विचारलं. ते पाटी पुसू लागले.

‘‘हमालानं मागायची म्हंजे... जाऊ द्या. माझ्याच वळणाचं नाव लोकांच्या कव्हरावर बघायला मिळायचं की.’’

तेव्हा मला कळलं, हा माणूस खोट्या सह्या पकडत नव्हता. खऱ्याची वाट बघत होता. खोटी सही ते मिनिटात परत देत. खरी आली की चहा टाकायला लावत, गप्पा काढत, आणि कव्हर मांडीवरच ठेवून घेत.

फ्रेम आम्ही काढली. मी माफी मागितली. पण वाचनालयातल्या त्या दिवसापासून मामा कुठलीच सही बघत नाहीत. कुणी कव्हर आणलं तर डोळे गेले म्हणतात. डोळे गेलेले नाहीत.

म्हणून वाचणाऱ्यांना सरळ सांगतो. तुमच्या घरी सखूबाईंची सही असेल तर या आठवड्यात पूर्णेला या. खरी का खोटी ते विचारू नका. ती मामांच्या मांडीवर ठेवा, आणि परत मागायची घाई करू नका.