स्क्रीनवरचे पट्टे आणि वरचे पंधरा

भिंगरी नाचायला लागली म्हणून मी मोबाईल काढला, एवढंच माझं चुकलं.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. वय तीन. एका जागी उभं राहणं तिला जमत नाही, म्हणून सासूबाईंनी हे नाव पाडलं. त्या सकाळी ती डोक्यावर चाळणी घेऊन हॉलभर गरगर फिरत होती. म्हटलं, ताईला व्हिडिओ पाठवू. (ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मी तिला सगळं पाठवते, ती उलट नुसता अंगठा पाठवते. ती खरंच बघते की न बघताच अंगठा दाबते, हा संशय मला पहिल्यापासून आहे.)

पाठवण्याआधी व्हिडिओ एकदा बघितला आणि पाठवायचा राहूनच गेला. भिंगरीच्या मागे ह्यांचा कॉम्प्युटर चालू होता आणि स्क्रीनवरून काळे पट्टे खालून वर सरकत होते. सावकाश, एकामागून एक, जसं काही कुणी मागून चिमटीत धरून ओढतंय.

मी मान वर करून खऱ्या स्क्रीनकडे बघितलं. काही नाही. स्वच्छ पांढरा, आणि त्यावर ह्यांनी काढलेला कुणाच्या तरी घराचा नकाशा. (हे घरी बसून नकाशे काढून देतात. लोकांची घरं तीन बेडरूमची, आमचं दीड खोलीचं.) मोबाईल वर धरला, पट्टे हजर. खाली घेतला, गायब. माणूस बघतोय म्हटलं की लपायचं आणि नजर वळली की बाहेर यायचं, असं वागणारं काहीही चांगलं नसतं.

"अहो," मी म्हटलं, "ह्या स्क्रीनमधून काय जातंय?"

"कुठे काय?"

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी हसून मोबाईल परत दिला. हसले, म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं.

"अगं, स्क्रीन सेकंदाला साठ वेळा चित्र नव्यानं काढतो. साठ हर्ट्झ म्हणतात त्याला. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं."

हर्ट्झ कोण ते मला माहीत नाही. आमच्या सातवीपर्यंत तरी तो कुणी आला नव्हता. पण साठ मला चांगलं समजतं.

"सेकंदाला साठ वेळा? म्हणजे मिटतं आणि उघडतं?"

"मिटत नाही गं."

"मग काळं काय दिसतंय?"

ह्यांनी डोकं खाजवलं. हे डोकं खाजवतात तेव्हा एकतर उत्तर येत नसतं, नाहीतर येत असून सांगायचं नसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून ह्या दोन खाजवण्यांतला फरक कळलेला नाही.

त्याच दिवशी दुपारी मी खिडकीत शिवायला बसले होते. सुईत दोरा जाता जात नव्हता. (हल्ली सुया बनवणारे भोकं मुद्दाम बारीक ठेवतात. साबणाच्या पाकिटावरची अक्षरंही तशीच. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय एवढं बारीक कोण छापेल?) दोरा ओला करून पाचव्यांदा नेम धरत होते, तेवढ्यात भिंगरी समोर येऊन उभी राहिली आणि डोळे मिचकावायला लागली. मिचमिच, मिचमिच. मग दोन्ही डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिचमिच.

सुई हातातून पडली. ती अजून सापडलेली नाही.

"आई!" मी सासूबाईंना हाक मारली. "भिंगरीच्या डोळ्यांना काय झालंय बघा!"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काही नाही झालेलं. पोर नकला करतं."

"कुणाच्या?"

"आता ते मी कशाला सांगू," म्हणाल्या आणि टीव्ही लावला.

मला वाटलं, ह्यांच्या बाजूनं बोलतायत. शेवटी मुलगा त्यांचा. मी मोबाईल उचलला आणि टीव्हीवर धरला. पट्टे! मालिकेतली सून रडत होती आणि तिच्या अंगावरून पट्टे चालले होते.

"आई, ह्यातही आहेत!"

"त्या पोरीच्या नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलंय, सासू बोलत नाही, त्यात तू आणखी पट्टे काढ तिच्यावर. सरक समोरून."

संध्याकाळपर्यंत मी घर पिंजून काढलं. ट्यूबलाइट, पट्टे. बाथरूमचा दिवा, पट्टे. फ्रिजमधल्या दिव्यात मात्र नव्हते, पण दार लावल्यावर तो काय करत असेल कोण जाणे. एवढ्या घरात लेकराला बसवायला एक सुरक्षित कोपरा सापडला तो माळ्याखाली, जुन्या गाद्यांपाशी. तिथे तिला बसवलं तर ती अंधारातही डोळे मिचकावत होती. एकच मूल आहे हो. तिचे डोळे गेले तर ते नकाशे काय जाळायचेत?

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. ह्यांना न विचारता. आला तो जाडजूड माणूस जांभया देतच आला. त्याचेच डोळे लालबुंद! मी तिथूनच परत पाठवणार होते, पण तोपर्यंत तो खुर्चीत बसला होता आणि खुर्ची त्याला सोडेल असं वाटत नव्हतं.

त्यानं स्क्रीनवर इकडेतिकडे टकटक केलं. "हा स्क्रीन पंचाहत्तर हर्ट्झचा आहे," म्हणाला. "तुम्ही साठवरच चालवताय."

मी ह्यांच्याकडे वळले. "वरचे पंधरा कुठे गेले?"

"मला काय माहीत!"

"तुम्ही मला साठच सांगितले होते."

"साठच लावलेले होते गं! मी कुठे पंधरा खाल्ले?"

"खाल्ले असं मी कुठे म्हटलं? तुमच्याच मनात कसं आलं?"

दुरुस्तीवाल्यानं जांभई अर्ध्यावर थांबवली. त्याला हे ऐकण्यात जास्त रस होता. "ताई, मी आता पंचाहत्तर लावून देतो. डोळ्यांना जरा शांत वाटेल. उजेडही कमी करतो, उगाच डोळ्यांत मारत होता."

लावले. मी लगेच मोबाईल धरला. कालपर्यंत पट्टे चालत होते, आता पळायला लागले.

"हे बघा! शांत कुठे? हे तर पिसाळले!"

"ताई, ते पट्टे स्क्रीनमध्ये नाहीत हो. तुमचा मोबाईल वेगळ्या चालीनं चित्रं घेतो, स्क्रीन वेगळ्या चालीनं काढतो. दोघांची चाल जुळत नाही, त्याचा तो घोळ."

दोघांची चाल जुळत नाही म्हटल्यावर सासूबाईंनी आतून खाकरून दाखवलं. तो चिमटा कुणाला, हे मला बरोबर कळलं.

तो गेला. ह्यांची अंघोळ चालू असताना मी स्क्रीनची वायर काढली. कुठे ठेवावी? कपाट हे उघडतात, पलंगाखाली भिंगरी जाते. मी ती गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी घातली, वर तांदूळ सारखे केले आणि झाकण लावून वर शिवणाची टोपली ठेवली. टीव्हीचा रिमोट बटाट्यांत.

हे बाहेर आले आणि वायर शोधायला लागले. टेबलाखाली, टेबलावर, पुन्हा टेबलाखाली. "नकाशा आज द्यायचाय गं! वायर कुठे आहे?"

"कामाच्या वस्तू जपून ठेवाव्यात माणसानं," मी भांडी घासता घासता म्हटलं.

(ह्या वाक्याची मला आजही लाज वाटत नाही. आवाज छान लागला होता.)

आता मला फक्त वाट बघायची होती. स्क्रीन बंद, टीव्ही बंद. भिंगरीचे डोळे थांबले, की मी जिंकले. मी शिवण मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसले आणि डोळे बारीक करून तिच्यावर पाळत ठेवली. ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघत बसली. मी मिचकावले, तिनं मिचकावले. मी म्हटलं, बघा, थांबतच नाहीये! आत साचलेलं असणार.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

"साप! अगं, साप गं!"

धावत गेलो. सासूबाई ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या. हातातलं मापटं जमिनीवर, तांदळाचा डबा आडवा, आणि फरशीभर पसरलेल्या तांदळातून काळ्या वायरीचं वेटोळं तोंड वर काढून बसलेलं. भिंगरी आनंदानं तांदळात घसरगुंडी खेळायला लागली.

ह्यांनी वाकून वायर उचलली. झटकली. दातात अडकलेलं शीत काढावं तसे टोकातले दाणे नखानं काढले. मग माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रिमोट?" सासूबाईंनी विचारलं.

"बटाट्यांत," मी म्हटलं.

"चल," हे म्हणाले. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता. त्यांनी स्क्रीनचा दोष सांगितला, तर मी कॉम्प्युटर विकून टाकतो."

सासूबाई पण निघाल्या. म्हणाल्या, घरात एकटी थांबत नाही, अजून कुठल्या डब्यात काय असेल सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हसऱ्या. मी आधी त्यांच्या मशीनवर मोबाईल धरून खात्री करून घेतली. (पट्टे होते. पण डॉक्टरांना लगेच सांगणं बरं दिसत नाही.) त्यांनी भिंगरीला चित्रं दाखवली, छोट्या बॅटरीनं डोळ्यांत बघितलं, एक डोळा झाकून दुसऱ्यानं खेळणं शोधायला लावलं. तेवढा वेळ ह्यांनी माझा हात धरला होता, तांदळाचं पीठ लागलेल्या हातानं.

"डोळे एकदम छान आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला रडू फुटलं. मग रडता रडताच विचारलं, "मग मिचकावते का?"

"ह्या वयात मुलं नकला करतात. घरात आणखी कुणी असं करतं का?"

"कुणी नाही," मी म्हटलं आणि त्यांच्यामागे भिंतीवर लावलेला तक्ता वाचायला लागले. खालची ओळ वाचता येत नव्हती, म्हणून जरा डोळे बारीक केले, जरा मिचकावले, मान पुढे काढली. (मुद्दाम बारीक छापलेली.)

वळून बघितलं तर हे, सासूबाई आणि डॉक्टरीणबाई, तिघंही माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या शेजारी स्टुलावर भिंगरी मान पुढे काढून, डोळे बारीक करून, तक्त्याकडे बघून मिचमिच करत होती.

"मी म्हटलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं. ह्या काचेतून बरं दिसतं की त्या? ह्या की त्या? दोन्हींत फसवणूक असेल असं धरून मी प्रत्येक काच दोन-दोनदा लावून घेतली. पण मग एक काच अशी आली, की खालची ओळ आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आली. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. म्हणाल्या, शिवताना मधूनमधून लांब बघत जा, आणि मोबाईलमध्ये तर अजिबात एवढा वेळ बघू नका.

चष्मा आला. सुईची भोकं आता मोठी करायला लागलेत बनवणारे. साबणाच्या पाकिटावर फक्त साबण कसा लावायचा ते छापलंय. भिंगरीचं मिचकावणं बंद झालं, आता ती दोन्ही हातांची बोटं गोल करून डोळ्यांना लावून घरभर फिरते आणि आपल्याला चष्मा का नाही म्हणून रडते.

हे आता शांतपणे पंचाहत्तरवर काम करतात. परवा मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून चहा देत होते, तेव्हा त्यांनी वळून ताईला पाठवायला म्हणून माझा नव्या चष्म्यातला व्हिडिओ काढला. मी छान हसले होते. चष्म्याच्या दोन्ही काचांत समोरचा स्क्रीन उमटला होता, आणि त्यावरून काळे पट्टे पळत होते.

ताईनं पहिल्यांदाच अंगठा पाठवला नाही. लिहिलं होतं, "चष्मा छान आहे. पण पट्टे आता तुझ्याच डोळ्यांत पळतायत. तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाला परत आला, तर त्याच्याकडून स्वतःलाही एकदा तपासून घे."