गणपूर्तीपुरते मरण

बसच्या दारात अडकून एका शेवंतीची मान मोडली.

कुलगुरू ओल्गेर्ट्स गाडी चालवताना फोन बंद ठेवतात आणि तोंड चालू.

लाकडाच्या वखारीचे मालक इंदुलिस यांचा काळा कोट नुकताच धुलाईहून आला होता.

नव्या कायद्याने विद्यापीठाचा कारभार बाहेरच्या सात जणांच्या मंडळाकडे गेला. या मंडळाने विकासाचा आराखडा मंजूर केला तरच सरकारी अनुदान. गणपूर्तीला पाच जण हवेत.

पाच जण आजवर कधी जमलेच नव्हते.

हे सगळे एकाच शुक्रवारी मंडळाच्या सचिव झिद्राबाईंच्या डोक्यावर येऊन पडले. आज मंजुरी मिळाली नाही, तर हे छोटे विद्यापीठ रीगातल्या एका मोठ्या विद्यापीठाची शाखा होणार होते. आणि शाखेला सचिव लागत नाही.

मंत्रालयाच्या गिंटाबाई सभा बघायला यायच्या होत्या. कुलगुरू त्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. त्यांच्या स्वागतासाठी आणलेल्या अकरा पांढऱ्या शेवंतींपैकी मोडलेली झिद्राबाईंनी टोपलीत टाकली आणि काळजीच्या भरात उरलेल्या फुलदाणीत खोचल्या. सभागृहाबाहेर टेबल एकच होते, कुलगुरूंच्या तसबिरीखालचे.

दारावरच्या वेल्टाबाई तिथून जाताना थबकल्या. त्यांनी फुले मोजली. पुन्हा मोजली. दहा! आनंदाला विषम फुले, मयताला सम. लॅटव्हियातल्या पोराला हे बोलता येण्याआधी कळते. त्यांनी ग्रंथालयात फोन लावला.

"कुलगुरूंना काही झालं का गं?"

"का? त्यांचा फोन सकाळपासून बंद लागतोय."

"बंदच लागणार आता," वेल्टाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

कुलगुरूंच्या घरी फोन करायचे कोणाला धाडस झाले नाही. बाकी सगळीकडे झाले.

सभेच्या वेळेला पहिले आले इंदुलिस, मंडळाचे अध्यक्ष. काळा कोट, हातात लाल गुलाब.

"झिद्राबाई, फार वाईट झालं हो."

"अजून कुठं झालंय, साहेब? आणखी चार जण आले तर सगळं वाचेल."

इंदुलिसनी हळूच त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "बसा जरा. धक्का बसलाय तुम्हाला."

मागोमाग दूध डेअरीच्या ऑस्ट्राबाई आल्या, मग बाकीचे. सगळे काळ्या कपड्यांत. झिद्राबाईंनी त्यांच्या हातातले गुच्छ पाहिले, बाहेरची फुलदाणी पाहिली, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. खरे सांगायला त्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात खुर्च्यांकडे लक्ष गेले. सातच्या सात भरलेल्या! त्यांनी तोंड मिटले. पुढे काय होते ते पाहायची त्यांना भारी उत्सुकता वाटू लागली.

"आराखडा म्हणजे शुद्ध गाढवपणा होता त्यांचा," ऑस्ट्राबाई नाक पुसत म्हणाल्या. "पण शेवटची इच्छा ती. होऊ द्या मंजूर."

"मी तर म्हणत होतो, अर्धे विभाग आधी..."

"इंदुलिस, मेलेल्या माणसाशी कसला वाद घालतोस?"

सगळे उठले, शांत उभे राहिले आणि उभ्याउभ्याच त्यांनी हात वर केले. नेमके तेव्हाच दार किलकिले झाले आणि फटीतून कुलगुरूंचे नाक आत आले. झिद्राबाईंनी ओठांवर बोट ठेवले. नाक मागे गेले.

"कोण वारलं?" बाहेर गिंटाबाईंनी विचारले.

कुलगुरूंनी तसबिरीखालची फुले मोजली. "मी. हळू बोला, अनुदान मिळतंय."

"अहो, माझं जरा ऐका तर..."

"थांबा हो! माझ्याबद्दल बोलतायत." त्यांनी दाराला कान लावला.

"चिकट होता," आतून ऑस्ट्राबाईंचा आवाज आला. "पण मनाने वाईट नव्हता."

"आता पुढचं," इंदुलिस म्हणाले. "पद रिकामं ठेवता येत नाही. ते रिकामं झालं असं जाहीर करू आणि झिद्राबाईंना नेमू. कोण अनुकूल?"

सातही हात वर गेले. दार धाडकन उघडले.

"मी जिवंत आहे!"

"अगं बाई! किती दचकवता!" ऑस्ट्राबाई ओरडल्या.

"आनंद झाला," इंदुलिस सावरून म्हणाले. "पण ठराव झालाय. तो फिरवायचा तर नवी सभा हवी, आणि तिला पाच पुरत नाहीत, सातही जण हवेत."

"मग घ्या की आत्ता! आहेत ना सात?"

"आठवडाभर आधी सूचना द्यावी लागते. तुमच्याच आराखड्यात आहे. आत्ताच मंजूर केला."

"पुढच्या आठवड्यात मला नाही हं जमणार," ऑस्ट्राबाई म्हणाल्या. बाकीच्यांनीही टोप्या उचलल्या. निघताना ऑस्ट्राबाईंनी आपल्या गुच्छातले एक फूल काढून घेतले आणि उरलेला गुच्छ झिद्राबाईंच्या हातात दिला.

"अभिनंदन, कुलगुरू."

गिंटाबाईंना मघाशी एवढेच सांगायचे होते: आराखड्याची मुदत मंत्रालयाने बुधवारीच पुढच्या वसंत ऋतूपर्यंत वाढवली होती.