इसोबाईंचे स्नानगृह आणि निर्मळ प्रश्न

प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर देणाऱ्याच्या कानात काही कुजबुजू नये, हा लोकव्यवहारातील परमधर्म होय. आमच्या नगरकार्यालयात त्याचे पालन कुझुमी यांच्याइतके निष्ठेने कोणीच केले नसेल.

इसोबाईंचे सार्वजनिक स्नानगृह ठेवावे की तेथे वाहनतळ करावा, एवढेच रहिवाशांना विचारायचे होते; प्रश्नाचा मसुदा कुझुमींकडे आला. कुझुमी लहानपणापासून रोज संध्याकाळी तेथेच स्नान करीत. ते बंद पडावे, ही कल्पनाही त्यांना सोसत नसे. म्हणूनच त्यांनी स्वतःवर अधिक कडक नजर ठेवली. मसुद्यातील 'जुने' हा शब्द गेला (आदर उत्पन्न होतो). 'गळके' गेला (अनादर उत्पन्न होतो). 'ऊन पाण्याचे' ही तर जानेवारीत उघड लाच ठरली असती. सात बैठका आणि एकोणीस शिक्क्यांनंतर प्रश्न सर्वथा निर्मळ झाला: "सदर जागेचा सध्याचा वापर: असावा / नसावा / दोन्ही चालेल."

मग ते पत्रक, नेहमीच्या रीतीने, फळीला लावून घरोघर फिरवले गेले. आधीच्या घराच्या उत्तराखाली आपले उत्तर लिहायचे, सहीऐवजी घराचा शिक्का मारायचा, फळी शेजारी द्यायची. (प्रश्न निर्मळ कसा ठेवावा याच्या कार्यालयीन मार्गदर्शिकेत या रीतीविषयी अक्षरही नव्हते; मार्गदर्शिका केवळ प्रश्नातील शब्दांपुरती होती.)

पहिले घर इसोबाईंचे.

"अगं बाई, माझंच न्हाणीघर आणि मीच 'असावा' लिहू? बरं दिसतं का ते?" म्हणत त्यांनी 'दोन्ही चालेल' लिहिले.

शेजारचे ओगातासान चष्मा पुसत म्हणाले, "इसोबाईंनाच चालतंय, तर आपण कशाला नाक खुपसा?"

"अहो, पण तुम्ही अंघोळ कुठं करणार?" पत्नीने विचारले.

"ते फळीवर विचारलंय का?"

दोनशे बारा घरे; दोनशे बारा वेळा 'दोन्ही चालेल'. हरकत कोणाचीच नाही, सबब वाहनतळ मंजूर. प्रश्न मात्र आदर्श नमुना म्हणून वरिष्ठांकडे गेला.

शेवटच्या संध्याकाळी अवघी वस्ती हौदांत दाटीने बसून डोळे पुसत होती (वाफेमुळे, असे सर्वानुमते ठरले).

"काय रे कुझुमी, पाणी छान ऊन आहे ना?" इसोबाईंनी दारातून हाक दिली.

उत्तर उघडउघड सुचवणारा प्रश्न! कुझुमींनी त्या महिन्यात प्रथमच विचार न करता उत्तर दिले, "हो, आजी. फार छान."

वाचकांनी यावर हसावे, असा आमचा आग्रह नाही. शेजारचा हसला का, हे आपण आधी पाहालच. इसोबाईंच्या गुडघ्यांना ऊब मिळत राहो, आणि कुझुमींच्या लेखणीला एखादा तरी पक्षपाती शब्द लाभो.