ब्रेक दर्शनी उत्तम

आवक-जावक विभागातल्या वरिष्ठ लिपिकांची गाडी अकरा वर्षं कोणाच्याही डोळ्यांत न भरता चालली होती. मग त्यांच्या मेहुण्याने नवी गाडी घेतली आणि ती दाखवायला आणली. तिच्या चाकांच्या जाळीतून पिवळंधमक काहीतरी चमकत होतं.

"कॅलिपर आहेत, भाऊजी. ब्रेकची चकती धरतात ना, ते," मेहुणा म्हणाला. मग लिपिकांच्या गाडीच्या चाकाशी वाकून त्याने जीभ टाळ्याला लावून च्यक्‌ केलं. "तुमचे पार गंजलेत हो. सिग्नलला लोक बघतात."

अकरा वर्षांत सिग्नलला आपल्या चाकांत कोणी डोकावल्याचं लिपिकांना आठवेना. पण त्या दिवसापासून प्रत्येक सिग्नलला त्यांना शेजारच्या गाडीतली माणसं आपल्या चाकांकडेच बघताहेत असं वाटू लागलं. दोन आठवडे त्यांनी कसेबसे काढले. तिसऱ्या रविवारी सकाळी ते जॅक, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, चिकटपट्टी आणि उष्णता सोसणाऱ्या लाल रंगाचा डबा घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये बैठक मारून बसले.

काम त्यांनी फाइलीसारखं केलं. चाक काढलं, गंज खरवडला, पुसून घेतलं, रंग लागू नये तिथे पट्टी चिकटवली. पहिला हात, वाळवण, दुसरा हात. त्यांची बायको इस्पितळात परिचारिका होती. कामावर निघताना ती क्षणभर थांबली. कशाच्याही आत डोकावून बघायची तिला सवय होती.

"अहो, हे आतले पॅड बघा. चकतीवर हेच घासतात ना? पापुद्रा उरलाय नुसता."

"ते आतलं आहे," लिपिक ब्रश न थांबवता म्हणाले. "ते दिसत नाही."

"गाडी त्यानेच थांबते."

"बघू. आधी हे वाळू दे."

संध्याकाळी गाडी अशी दिसत होती, की उभी असतानाही वेगात असल्याचा भास व्हावा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी चारही चाकांना प्रदक्षिणा घातली आणि दुसऱ्या दिवशी नोटीस बजावली. गाडीच्या कागदांत रंग 'पांढरा' असा आहे. आता तो अंशतः लाल झाला आहे. तरी परिवहन कार्यालयाची मंजुरी आणावी, अन्यथा सदर वाहन आवारात परके समजले जाईल.

लिपिकांना राग आला नाही. उलट नोटिशीची भाषा त्यांना आवडली. रजा टाकून ते परिवहन कार्यालयात गेले. तिथे ब्रेक तपासायचं यंत्र एका कोपऱ्यात आच्छादनाखाली होतं. बिघडू नये म्हणून ते वापरत नसत.

निरीक्षक उकिडवे बसले आणि चाकात पाहून लाल रंगावरून अलगद बोट फिरवलं.

"घरी केलंत?"

"हो साहेब. दोन हात दिलेत."

"ओघळ एक नाही! अहो, तीस वर्षांत मी ब्रेक बघायला म्हणून वाकलो आणि ब्रेक दिसले, असं पहिल्यांदा घडतंय."

एवढ्या कौतुकाने लिपिकांना भरून आलं आणि त्या भरात त्यांच्या तोंडून खरं निसटलं. "साहेब, आतले पॅड मात्र जरा झिजलेत."

निरीक्षकांचा चेहरा पडला. "आतलं आमच्याकडे येत नाही हो. आमच्याकडे दर्शनी भाग. कशाला उगाच चांगल्या कामाला गालबोट लावता?" आणि त्यांनी प्रमाणपत्रावर लिहिलं: 'ब्रेक दर्शनी उत्तम.'

कार्यालयाच्या फाटकाकडे जाणारा रस्ता उताराचा होता. लिपिकांनी पेडल दाबलं. खरखर झाली. त्यांनी दोन्ही पाय रोवून दाबलं, देवाचं नाव घेतलं, हॅंडब्रेक ओढला. गाडीने कशालाच दाद न देता पहारेकऱ्याची केबिन भुईसपाट केली आणि मग आपण होऊन थांबली.

पहारेकरी वाचला. उतारावरून येणारी लाल चाकं जवळून पाहावीत म्हणून तो नुकताच केबिनमधून बाहेर आला होता.

चौकशी समिती नेमली गेली. तिच्यापुढे दोन गोष्टी निर्विवाद होत्या. ब्रेक उत्तम असल्याचं, अपघाताच्या दहा मिनिटं आधीचं प्रमाणपत्र होतं आणि पहारेकरी जागेवर नव्हता.

"तुमचं काही म्हणणं?" अध्यक्षांनी लिपिकांना विचारलं.

पहारेकरी समोरच टोपी हातात धरून उभा होता. लिपिकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा प्रमाणपत्राकडे.

"प्रमाणपत्रात आहे तेच," ते म्हणाले.

केबिन वाहनाच्या मार्गात आली, असा निष्कर्ष निघाला. पहारेकऱ्याला घरी बसवण्यात आलं.

"खरं सांगितलंत ना?" रात्री बायकोने विचारलं.

"विचारलं तेवढं सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर बसने जाऊ लागली.

अहवालाच्या शेवटी समितीने एक शिफारस केली होती: सर्व वाहनांचे ब्रेक असेच रंगवावेत. तेव्हापासून दर रविवारी लिपिकांच्या पार्किंगमध्ये रांग लागते. सेक्रेटरी टोकन देतात. निरीक्षक स्वतःची गाडी घेऊन येऊन गेले. लोक निळा मिळेल का, सोनेरी टिकेल का, असं बारकाईने विचारतात आणि समाधानाने पार्किंगच्या उतारावरून निघून जातात. पॅडचं नाव कोणी काढत नाही. पहारेकऱ्याच्या घरी आता कसं चाललंय, हेही अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा, वाचक हो, हे वाचताना मनातल्या मनात आपल्या गाडीला कुठला रंग शोभेल हे ठरवून टाकलंत. लाजू नका, रांगेत या. येताना जरा हळू या, एवढंच. पुढच्याची गाडी थांबेलच असं नाही, आणि तुमचीही.