मोजणीसाहेब आणि तळ्यावरची रेघ

मला पदवीधर केलं ते यशवंत कराळे यांनी. दहावीचा निकाल लागल्यावर माझे वडील म्हणाले, "आता पोराला शेतावर घालतो." त्याच संध्याकाळी कराळे आमच्या दारात छत्री टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "नोटीस न देता? माझी हरकत हाय." ती हरकत त्यांनी खरोखर कागदावर लिहून आणली होती. खाली सही, तारीख आणि वडिलांच्या अंगठ्यासाठी मोकळी जागा.

कशेळ्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. सगळे मोजणीसाहेब म्हणतात. सरकारी नोकरीत ते भूकरमापक होते. दोन शेतकऱ्यांचं बांधावरून वाजलं की नकाशा आणि साखळी घेऊन जायचं आणि खरी हद्द कुठे ते दाखवायचं, हे त्यांचं काम. माझे वडील उन्हाळ्यात रोजावर त्यांचं मोजणीचं टेबल डोक्यावरून वाहायचे. त्या ओळखीवर मी साहेबांच्या घरी राहून कर्जतला कॉलेज केलं. साहेबांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "अर्ज प्रलंबित हाय." स्वयंपाक ते करायचे, भांडी मी. भाकरी मोडतानाही "हा माझा पोटहिस्सा" म्हणून मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचे.

अशा माणसाशी मी सलग अकरा शनिवार बोललो नव्हतो. तेही एका रेघेवरून. आमचं पुन्हा कधी जुळेल की नाही, याची मला धास्ती वाटू लागली होती. पण रेघेचं सांगायच्या आधी साहेब सांगायला हवेत.

चौक गावाजवळच्या एका कंपनीत मला संगणकावरची नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून मी साहेबांसाठी मनगटी घड्याळ आणलं. चालायला निघताना बटण दाबलं की ते दर सेकंदाला उपग्रहावरून आपली जागा टिपून घेतं. घरी आल्यावर मोबाइलात सगळा रस्ता दिसतो. साहेबांना ईमेल नव्हता, म्हणून मी माझाच घातला. पहिल्याच आठवड्यात ते पेठच्या किल्ल्यावर चढले, वाटेत घड्याळाची बॅटरी संपली आणि फाइल उघडेना. मी ती लॅपटॉपवर फोडून दाखवली. एका खाली एक हजारो ओळी. वेळ, अक्षांश, रेखांश. साहेबांनी चष्मा पुसला.

"अरं, ही तर फील्डबुक! आमची मोजणीची वही!"

मी समजावलं, की घड्याळ शेवटी हिशेब जुळल्याचा एक शिक्का मारतं. बॅटरी मध्येच गेली की शिक्का मारायचा राहतो, नाहीतर एखादी ओळ बिघडते, आणि मग मोबाइल सगळीच फाइल नाकारतो. बिघडलेल्या ओळी काढायच्या आणि शिक्का नव्याने मारायचा, की चांगल्या ओळी वाचतात.

"म्हंजे एका वेड्यापायी सगळं गाव तुरुंगात?" साहेब म्हणाले. "शिकव मला."

महिन्याभरात ते माझ्यापेक्षा पटाईत झाले. आमच्या डोंगरांत सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची माणसं पळायला येतात. पळून झालं की कशेळ्याला एसटी थांब्यावरच्या बारकूच्या टपरीवर चहा पितात. तिथे एकजण फाइल गेली म्हणून कपाळाला हात लावून बसला होता. साहेबांनी ती जागच्या जागी दुरुस्त करून दिली. त्याने दहाजणांना सांगितलं. मग फोन सुरू झाले.

मी आता चौकला राहायचो; दर शनिवारी संध्याकाळी साहेबांकडे येऊन रविवारपर्यंत थांबायचो, तेव्हा हे फोन बसून ऐकायचो.

"अर्जदाराचं पूर्ण नाव?"

"सर, मला फक्त फाइल..."

"नाव. मंग वडलांचं नाव. लगतचे कब्जेदार कोण?"

"काय?"

"तुमच्या बाजूला कोण पळत होतं?"

"विवेक होता."

"त्याला कळवलंत का? नाय? मंग उद्या तो म्हनंल, ह्या वळणावर मी पुढं होतो. कोन निस्तरनार?"

बिघडलेली ओळ कधी कधी शून्य अक्षांश, शून्य रेखांश दाखवते. ती जागा आफ्रिकेजवळच्या समुद्रात येते. साहेब मग फोनवर गंभीर आवाजात विचारायचे, "आपण पेठच्या पायथ्यावरनं दोन सेकंदांत आफ्रिकेच्या दर्यात गेलात आन् तिसऱ्या सेकंदाला परत आलात. कपडे भिजले का?"

काम झालं की प्रत्येकाला ते कागदावर नकाशा काढून पाठवायचे. वर उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण, कोपऱ्यात सही. ह्या नकाशाला ते क प्रत म्हणायचे, कारण जमिनीची मोजणी झाल्यावर शेतकऱ्याला जो नकाशा मिळतो त्याला तेच म्हणतात. ठाण्याच्या एका डॉक्टरांनी ती चौकटीत लावली आहे.

मात्र साहेबांचा एक नियम होता. फाइलमध्ये मधली काही मिनिटं साफ गेली असली, तर दोन टोकं सरळ रेघेने जोडायची नाहीत. संगणक ते एका बटणात करतो. साहेब करू द्यायचे नाहीत. तेवढी जागा मोकळी ठेवायची आणि लाल शाईने लिहायचं, 'येथे माहिती नाही.' फारच निकड असेल तर जागेवर जायचं. एकदा एका पळणाऱ्याची चार मिनिटं गायब होती. साहेब आणि मी ओहोळात उतरलो. साहेबांनी छत्रीच्या टोकाने पाचोळा बाजूला केला आणि जाहीर केलं, "अर्जदार हितं बसला व्हता. जांभळं खाल्लीत. बिया ताज्या हायत." फोन केला तर तो मनुष्य म्हणाला, "सर, प्लीज ग्रुपवर सांगू नका. मी न थांबता पळालो असं टाकलंय."

"सांगनार नाय. पन लिहिनार," साहेब म्हणाले.

मी एकदा विचारलं, की एवढं कशाला? ते म्हणाले, "सुनील, चाळीस वर्सं मी रेघा पाह्यल्या. टेबलावर बसून मारलेल्या एका रेघंपायी सख्खे भाऊ मयतीलासुदा एकामेकाच्या दारात जात नाय. रेघ मारणं सोपं हाय रं. पुसायला पिढी लागती."

आता ती रेघ.

खोपोलीच्या एका बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मोठी दौड पुरी केली होती. त्यांच्या फाइलमधली नऊ मिनिटं गेली होती. तो रविवार होता. साहेब म्हणाले, उद्या सकाळी जागेवर जाऊन बघतो. बाईंना फाइल त्याच संध्याकाळपर्यंत हवी होती, भाऊ परगावी जायच्या आत त्याला दाखवायला. त्या फोनवर रडकुंडीला आल्या होत्या. साहेब दूध आणायला गेले आणि मी बटण दाबलं. टोकं जुळली. फाइल पाठवली.

पुढच्या शनिवारी बाईंनी आभाराचा निरोप पाठवला, सोबत नकाशा. साहेबांनी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा केला. माझी सरळ रेघ पाझर तलावाच्या बरोबर मधून गेली होती.

"बाई पाण्यावरनं पळाली," साहेब म्हणाले. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"साहेब, कुणाचं काय गेलं?"

"तू खोटी हद्द कायम केलीस."

त्यावर मी बोलू नये ते बोललो. "साहेब, तुम्ही रिटायर झालात. आता कुणाची जमीन जात नाही. हा खेळ आहे."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. टोपी नीट केली. रागावले की ते गावची बोली सोडून सरकारी कागदासारखं बोलतात. "पुढील शनिवारपासून आपण येण्याची तसदी घेऊ नये," ते म्हणाले.

मीही गेलो नाही. चौकहून कशेळं म्हणजे दोन एसट्यांचं अंतर, परदेश नव्हे. पण मला नवीन नोकरीचा ताठा होता, आणि त्यांना तर जन्मजात. एका रेघेपायी भाऊ भाऊ बोलायचे थांबतात हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आम्ही ते करून दाखवलं.

घड्याळ मात्र माझ्याच ईमेलवर होतं. रोज 'चालणे नोंदवले' असा निरोप यायचा. मी न उघडता बाजूला सारायचो. अकराव्या शनिवारनंतर, रविवारी सकाळी, वेगळा निरोप दिसला. फाइल वाचता येत नाही.

पडले असतील का? फोन केला, उचलला नाही. मग बारकूला लावला.

"साहेब? ठणठणीत हायत की. आत्ताच टेप घेऊन आलेले. म्हनं तुझ्या टपरीचा ओटा रस्त्यात दीड फूट हाय. गिऱ्हाइकाला उठवून मोजला."

"आन् तू कवा येतोस रं?" बारकू म्हणाला. "दर शनवारी तुझ्या गाडीच्या टायमाला येतात. दोन चहा सांगतात. गाडी रिकामी झाली की तुझा बी सोताच पितात. गार झालेला. मी म्हनलं दुसरा करतो, तर म्हनतात, नको, सांगितलाय तो संपवला पायजे."

फोन ठेवून मी फाइल फोडली. साहेब शनिवारी संध्याकाळी पाच चाळीसला घरातून निघाले होते. सहाला दोन मिनिटं कमी असताना एसटी थांब्यावर. त्यानंतर ओळीमागून ओळ, तीच जागा. अक्षांश हलत नव्हता, रेखांश हलत नव्हता, फक्त वेळ पुढे जात होती. साडेसहाला माझी गाडी येते. त्यानंतरही पंधरा मिनिटं ते तिथेच होते. मागून जीपही येते ना. मग तेवीस मिनिटांच्या ओळी बिघडलेल्या, आणि त्यानंतर थेट घर.

आधीचे दहा शनिवार उघडले. त्या फाइली धड होत्या. सगळ्या तशाच.

ही नोंद माझ्याकडे येते हे साहेबांच्या लक्षात होतं की नाही, मला ठाऊक नाही. ती जागा मी मोकळीच ठेवतो.

त्याच रात्री मी पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकच्या पोस्टातून रजिस्टरने पाठवलं. पोचपावतीशिवाय आलेला कागद साहेब कागद मानत नाहीत.

*

प्रति,
श्री. यशवंत कराळे, निवृत्त भूकरमापक, कशेळे.

विषय : फाइल दुरुस्तीबाबत व जागेवर हजर राहणेबाबत.

महोदय,

आपली शनिवारची फाइल दुरुस्त केली आहे. बिघडलेल्या ओळी काढल्या. एसटी थांबा ते आपलं घर, ही तेवीस मिनिटं मिळाली नाहीत. टोकं जोडलेली नाहीत. लाल शाईने 'येथे माहिती नाही' असं लिहून क प्रत सोबत जोडली आहे. उत्तर दिशेचा बाण थोडा वाकडा आला आहे, तो समजून घ्यावा.

पाझर तलावावरची रेघ मी पुसली. आज सुट्टी होती तर तिथे जाऊन आलो. काठाने चालून पाहिलं. डावीकडूनही वाट आहे, उजवीकडूनही. बाई कुठून गेल्या ते मला सांगता येत नाही, आणि तेव्हाही येत नव्हतं. त्यांना फोन करून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मोकळी जागा असलेलीच प्रत द्या, त्या नऊ मिनिटांत मी काठावर बसून रडले होते, ते माझं मला माहीत आहे.

खेळ आहे असं मी म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो. माझ्या बाबतीत आपण हरकत घेतली नसती, तर आज हे पत्र मला लिहिता आलं नसतं.

येत्या शनिवारी साडेसहाच्या गाडीने अर्जदार स्वतः येत आहे. थांब्यापासून घरापर्यंतची तेवीस मिनिटं जागेवर चालून खात्री करायची आहे. तरी आपण हजर राहून वाट दाखवावी. लगतचे कब्जेदार म्हणून बारकूला कळवलं आहे.

कळावे,
आपला,
सुनील

ता. क. चहा गाडी दिसल्यावर सांगावा.